६/६ नजरेमागची सूज: व्हीकेएच आजाराचं खानदेशातील एक प्रकरण

रुग्ण ३४ वर्षांची, अमळनेर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकरी कुटुंबातली. घरचा कापूस आणि थोडी ज्वारी, हंगामात दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-वेचणीला जाणं. दोन मुलं, धाकट्याच्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. डोळ्याला कधी मार लागलेला नाही, डोळ्याचं ऑपरेशनही झालेलं नाही. या शेवटच्या दोन गोष्टी मी केसपेपरवर मुद्दाम ठळक लिहितो, त्याचं कारण पुढे येईल. तिला झालेला व्हीकेएच म्हणजे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेनं स्वतःच्याच रंगपेशींवर उलटण्याचा आजार. तिच्या संमतीनं हे लिहितो आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पोळा होऊन आठवडा उलटला आणि तिचं डोकं दुखायला लागलं. मान आखडली, अंग कसकसलं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा उतार पडला. मग कानात सतत किर्र आवाज सुरू झाला. वेणी घालताना फणी लागली तरी डोक्याची कातडी दुखायची, म्हणून काही दिवस तिनं केस विंचरलेच नाहीत. यातलं काहीही तिनं माझ्याकडे आपणहून सांगितलं नाही. डोळ्याच्या डॉक्टरला कानाचं आणि केसांचं काय सांगायचं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटणं साहजिकच आहे. ते आपणच विचारायचं असतं. दोन्ही डोळ्यांची नजर अचानक गेली म्हणून कुणी आलं की मी हे तीन प्रश्न विचारतोच: डोकं-मान दुखली का, कानात आवाज येतो का, केसांना हात लावला तर दुखतं का?

त्यानंतर उजव्या डोळ्यासमोर पडदा आला. तव्याचा काठ वाकडा दिसू लागला. तिनं एका ठिकाणी डोळा दाखवला. तिथे उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली (रेटिनाखाली) पाणी दिसलं, सीएसआर (सेंट्रल सिरस रेटिनोपथी, म्हणजे पडद्याखाली पाणी साठण्याचा, सहसा आपोआप ओसरणारा विकार) असं निदान झालं, ताण घेऊ नका, पाणी आपोआप ओसरेल, स्टेरॉइड अजिबात घेऊ नका, असा सल्ला मिळाला. त्या दिवशी डावा डोळा ६/६, म्हणजे पूर्ण नजरेचा होता, तेव्हा तो सल्ला अवाजवी नव्हता. पाचव्या दिवशी डावा डोळाही गेला. माझ्याकडे ती दिराचा हात धरून आत आली. "डॉक्टरसाहेब, माले समदं धुकट दिखस," एवढंच म्हणाली.

तपासणीत काय दिसलं

उजव्या डोळ्यानं दोन मीटरवरची बोटं मोजता येत होती, डावी नजर ६/६०. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, दोन्ही डोळ्यांच्या पुढच्या कप्प्यात थोड्या दाहपेशी तरंगत होत्या. थोड्या असल्या तरी होत्या, आणि सीएसआरमध्ये त्या नसतात. बाहुली मोठी करून पाहिल्यावर दोन्ही पडदे मधल्या भागात ठिकठिकाणी फुगलेले, नेत्रमज्जेची चकती, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या मज्जेचं डोळ्यातलं तोंड, लालसर आणि सुजलेली.

आता ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी. हे तंत्र १९९१ साली जगापुढे आलं, आणि आज जळगाव-धुळ्यात ते रोजच्या वापरात आहे. डोळ्यात प्रकाश सोडायचा, परत येणाऱ्या प्रकाशावरून पडद्याचा उभा छेद काढायचा, तोही काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकाईनं. सुई नाही, रंग नाही, दोन मिनिटांचं काम. पण ते काम कसं केलं यावर सगळं अवलंबून असतं. मध्यबिंदूतून एकच रेघ काढून 'पाणी आहे' असं लिहिणं आणि अख्ख्या मधल्या भागाचे छेद सावकाश पाहणं, यात या रुग्णाच्या बाबतीत दोन वेगळी निदानं दडलेली होती.

सीएसआरमध्ये साधारणपणे एक घुमट दिसतो: खाली स्वच्छ पाणी, वर उचललेला पडदा. हिच्या दोन्ही डोळ्यांत पाण्याचे अनेक कप्पे होते, आणि कप्प्यांच्या मधून पातळ पापुद्र्यांच्या उभ्या भिंती गेलेल्या. काही ठिकाणी पाणी पडद्याच्या खाली नव्हतं, प्रकाशपेशींचाच थर मधून फाटून त्याच्या आत साठलं होतं. पडद्याखालचा रंगद्रव्याचा थर सपाट असायला हवा, तो लाटांसारखा वरखाली झालेला. आणि त्याच्याही मागे कोरॉइड, म्हणजे पडद्याला रक्त पुरवणारा रक्तवाहिन्यांचा थर, इतका जाड की त्याची मागची हद्द छेदात कुठेच सापडेना.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबतो. साध्या ओसीटीला कोरॉइड नीट दिसत नाही, रंगद्रव्याचा थर बराचसा प्रकाश अडवतो. २००८ साली अमेरिकी नेत्रतज्ज्ञ स्पेड आणि सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती मांडली: यंत्र डोळ्याच्या आणखी जवळ न्यायचं, म्हणजे यंत्राची सर्वांत तीक्ष्ण नजर पडद्याऐवजी मागच्या थरावर पडते, आणि मग एकाच जागेच्या अनेक प्रतिमांची सरासरी घ्यायची. याला ईडीआय (एन्हान्स्ड डेप्थ इमेजिंग) म्हणतात. आजच्या बहुतेक यंत्रांत ते एका बटणावर आहे. ते बटण दाबलं जात नाही, ही माझी खरी खंत आहे. प्रौढ माणसात मध्यबिंदूखाली कोरॉइड साधारण २५० ते ३०० मायक्रॉन असतो. हिच्याकडे ईडीआयमध्येही मागची हद्द मिळाली नाही, म्हणून पहिल्या दिवशी मी आकडा लिहिला नाही, "हद्द दिसत नाही" असंच लिहिलं. अंदाजाचा आकडा पुढच्या सगळ्या तुलना बिघडवतो. सोनोग्राफीनं मात्र दोन्ही डोळ्यांत कोरॉइडची पसरलेली सूज दाखवली.

सीएसआरमध्येही कोरॉइड जाड असू शकतो, त्यामुळे नुसत्या जाडीवर निदान होत नाही. पाण्याचे कप्पे, थरांच्या लाटा, दाहपेशी आणि दोन्ही डोळे हे सगळं जुळावं लागतं.

त्याच दुपारी फ्लुरोसिन अँजिओग्राफी केली. हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडला आणि निळ्या प्रकाशात पडद्याचे फोटो घेत गेलो. पहिल्या मिनिटानंतर दोन्ही डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके उजळले. मग एकेक कप्पा रंगानं भरत गेला. शेवटच्या फोटोंत चकतीतूनही रंग झिरपत होता. सीएसआरमध्ये गळतीची जागा सहसा एक किंवा मोजक्याच असतात. रंग टोचल्यानंतर लघवी दिवसभर पिवळी-केशरी होते, हे नातेवाइकांना आधी सांगितलं नाही तर रात्री घाबरून फोन येतात, म्हणून ते मी आधीच सांगतो.

निदान आणि त्यामागचा विचार

हा व्होग्ट-कोयानागी-हाराडा आजार होता, थोडक्यात व्हीकेएच. व्होग्ट यांनी १९०६ साली डोळ्याच्या दाहासोबत पापण्यांचे केस पांढरे होताना पाहिले, हाराडा यांनी १९२६ साली पडद्याखालचं पाणी नोंदवलं, कोयानागी यांनी १९२९ साली रुग्णांचा संच मांडला. हे एकाच आजाराचे तुकडे आहेत हे नंतर कळलं. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच रंगपेशींवर, मेलॅनोसाइटवर, उलटते. त्या पेशी कोरॉइडमध्ये खच्चून भरलेल्या असतात, तशाच आतल्या कानात, मेंदूच्या आवरणात आणि त्वचेतही असतात. म्हणून डोकेदुखी, कानातला आवाज, दुखरी कातडी आणि गेलेली नजर ही चार वेगळी दुखणी नसून एकच आहे. आशियाई, मध्यपूर्वेतील आणि लॅटिन अमेरिकेतील लोकांत हा आजार गोऱ्या युरोपीय लोकांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो, आणि वीस ते पन्नास या वयातल्या बायकांत अधिक. आपल्याकडे तो दुर्मिळ समजून चालत नाही.

२००१ साली ठरलेल्या निदानाच्या निकषांत अँजिओग्राफी आणि सोनोग्राफी होती, ओसीटी नव्हती. २०२१ साली युव्हिआयटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहाच्या, आंतरराष्ट्रीय कार्यगटानं जे वर्गीकरण दिलं, त्यात ओसीटीवर दिसणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांमधल्या भिंतींना सुरुवातीच्या व्हीकेएचची खूण म्हणून जागा मिळाली. वीस वर्षांत प्रतिमा थेट आजाराच्या व्याख्येत आली, ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे. यंत्र असलेल्या कुठल्याही गावात आता हे निदान होऊ शकतं.

याच वर्गीकरणात एक अट आहे: डोळ्याला आरपार जखम किंवा पडद्याचं ऑपरेशन झालेलं नसावं. कारण एका डोळ्याच्या जखमेनंतर दुसऱ्या डोळ्यातही असाच दाह होतो, तो सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया, आणि ओसीटीवर दोन्ही हुबेहूब दिसू शकतात. तुऱ्हाटीचं टोक, खिळा, बैलाचं शिंग, लहानपणीचा फटाका, सगळं नाव घेऊन विचारावं लागतं. नुसतं "मार लागला होता का" विचारलं तर उत्तर "नाही" येतं.

बाकीच्या शक्यता पटकन सांगतो. रक्तदाब ठीक होता, त्यामुळे त्यानं होणारी कोरॉइडची इजा बाद. रक्तातल्या पेशी नीट होत्या, ल्युकेमियाची शंका नाही. क्षयाची तपासणी छातीच्या एक्सरेसह केली, सिफिलिस आणि एचआयव्ही, कावीळ बी, साखर, यकृत आणि मूत्रपिंड, सगळ्या तपासण्या झाल्या. क्षय मनात न आणता आपल्या भागात कुणालाही मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देऊ नये. एक दिवस यात गेला, तो जायलाच हवा होता.

निदानाच्या या वाटेवर चूक महागात पडते. सीएसआर समजून थांबलो असतो तर दाहानं रंगद्रव्याचा थर जळत राहिला असता, आणि खऱ्या सीएसआरला स्टेरॉइड दिलं तर ते बळावतं. दोन्ही ठिकाणी वरून "पडद्याखाली पाणी" एवढंच दिसतं.

उपचार

मिथाइल प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम, सलाइनमधून सावकाश, तीन दिवस. हे फिजिशियनच्या देखरेखीखाली साध्या जनरल हॉस्पिटलमध्ये होतं, त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. साखर, रक्तदाब, पोटॅशियम रोज पाहिलं. चौथ्या दिवसापासून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, वजन ५१ किलो म्हणून ५० मिलिग्रॅम. सोबत कॅल्शियम, आम्लपित्ताची गोळी, डोळ्यात थेंब.

स्टेरॉइडवर वर्षभर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून पहिल्याच पंधरवड्यात मेथोट्रेक्सेट, म्हणजे संरक्षणव्यवस्थेला आवर घालणारं औषध, सुरू केलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या फास्ट चाचणीत युव्हिआयटिसच्या २१६ रुग्णांवर मेथोट्रेक्सेट आणि त्याच कामाचं मायकोफिनोलेट यांची तुलना झाली, त्यात भारतातली केंद्रंही होती. मेथोट्रेक्सेट कुठेही कमी पडलं नाही. ते पुष्कळ स्वस्तही आहे, आणि हा उपचार दीर्घकाळ चालतो तेव्हा किंमत हा उपचाराचाच भाग होतो. गर्भाला ते घातक असतं, म्हणून कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे ही नोंद महत्त्वाची होती.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं गेलं तर जीवावर बेततं. चिठ्ठीवर वार लिहून भागत नाही, हे मला पटलेलं आहे. तिच्या गावचा आठवडे बाजार ज्या दिवशी असतो तोच गोळीचा दिवस ठरवला, आणि फॉलिक अॅसिड दुसऱ्या दिवशी. बाजाराचा वार घरात कुणी विसरत नाही.

चौथ्या दिवशी कप्पे निम्म्यानं उतरले होते. तिसऱ्या आठवड्यात पाणी गेलं, नजर दोन्हीकडे ६/९ झाली आणि कोरॉइडची मागची हद्द पहिल्यांदा सापडली: उजवीकडे ४१८ मायक्रॉन. ऑक्टोबरच्या अखेरीस नजर ६/६, कोरॉइड ३२६, प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमवर. तिला सुईत दोरा ओवता येऊ लागला होता आणि ते तिनं मला ओपीडीतच करून दाखवलं.

नोव्हेंबर

यानंतरची भेट हा या प्रकरणाचा गाभा आहे. ती आली दिवाळी उलटल्यावर, वेचणी ऐन भरात असताना, एक दिवसाची मजुरी बुडवून. तक्रार काहीच नाही. नजर दोन्ही डोळ्यांनी ६/६. स्लिट लॅम्पखाली पुढचा कप्पा स्वच्छ. आतून पडदा सपाट. साध्या ओसीटीत पाण्याचा थेंब नाही. इथे थांबलो असतो तर "उत्तम, डोस कमी करू" असं लिहून तिला परत पाठवलं असतं.

ईडीआय काढला. आमचं यंत्र मागच्या प्रतिमेवरच्या रक्तवाहिन्या ओळखून अगदी त्याच जागेवर पुन्हा छेद घेतं, त्यामुळे आज आणि मागच्या वेळी यात जागेचा फरक उरत नाही. वेळही तीच, सकाळची, कारण कोरॉइडची जाडी दिवसभरात वीस-तीस मायक्रॉननं बदलू शकते. ३२६ च्या जागी ४७१. डाव्या डोळ्यातही तितकीच वाढ. हा फरक मोजण्याच्या चुकीचा नसतो.

मग विचारलं, आणि रागावून विचारलं नाही. चेहरा गोल झाला होता, शेजारच्या बायका "तोंड सुजी गयं" म्हणायच्या, स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होतात असं कुणी सांगितलं होतं, दिसायला तर लागलंच होतं. ज्या गोळ्यांनी तोंड सुजलं त्या तिनं दिवाळीच्या आधीच बंद केल्या होत्या. बाजाराच्या दिवसाची गोळी मात्र चालू होती. पण मेथोट्रेक्सेटचा पुरता परिणाम यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर स्टेरॉइडचा टेकू हवा असतो. आठ-दहा दिवसांपासून थकवा आणि मळमळ होती, ती एकाएकी स्टेरॉइड बंद केल्यामुळे. ते थकणं वेचणीचं असेल असं तिला वाटलं होतं.

मी ऑक्टोबरचा आणि आजचा छेद संगणकावर एकाखाली एक लावले आणि नवरा-बायको दोघांना खुर्च्या जवळ ओढायला सांगितल्या. वरची रेघ म्हणजे पडदा, ती दोन्हीकडे सारखी. खालचा पट्टा बोटानं दाखवला, तो आज दीडपट रुंद. तिचा नवरा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे वरतून सुकेल दिखस, पन खाले ओल शे." काळ्या रानात वर वाफसा आलेला असतो आणि खाली पाय रुततो, हे त्याला रोजचं. व्हीकेएचमध्ये पुन्हा उठणारा दाह आधी कोरॉइडमध्ये येतो आणि मग पडद्यापर्यंत पोचतो, हे वाक्य मी पुष्कळ रुग्णांना पुष्कळ शब्दांत सांगितलं आहे, पण त्याच्याइतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं.

प्रेडनिसोलोन पुन्हा ४० मिलिग्रॅमवर सुरू केलं, मेथोट्रेक्सेट १५ वरून २० मिलिग्रॅम केलं, यकृताच्या तपासण्या पाहून. सलाइनची गरज पडली नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला कोरॉइड ३५२ होता. या संपूर्ण उलट-सुलट काळात तिची नजर एक ओळही खाली गेली नाही. पाणी पुन्हा भरेपर्यंत, नजर पुन्हा जाईपर्यंत वाट पाहिली असती तर प्रत्येक झटक्यानं रंगद्रव्याचा थर थोडा थोडा मरत गेला असता, आणि त्याची भरपाई होत नाही.

चेहरा ओसरतो, हे तिला आधीच सांगायला हवं असतं का? सांगितलं होतं. पण शेजारच्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पुढच्या भेटीला सासूबाईंनाही घेऊन यायला सांगितलं, आणि त्या आल्या.

पुढचं वर्ष

फेब्रुवारीत उजव्या पापणीचे चार केस पांढरे झाले आणि मानेवर एक पांढरा डाग उठला. नजर परत आली त्यापेक्षा या डागानं घरात जास्त काळजी पसरली. मुलगी अकरा वर्षांची आहे, उद्या सोयरीक जुळवताना लोक "आईला कोड आहे" म्हणतील, ही भीती सासूबाईंनी स्पष्ट बोलून दाखवली. डाग संसर्गानं येत नाही, त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही, मुलीला तो होईलच असं अजिबात नाही, हे मी नीट बसून सांगितलं. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि त्यांच्याही तोंडून तेच ऐकल्यावर घर शांत झालं.

वर्षाअखेरीस पडद्याचा रंग थोडा तांबूस झाला आहे. या आजारात कोरॉइडची रंगद्रव्यं कमी होऊन मावळतीसारखी लाली येते, आणि ती कितपत पसरते यावरून दाह किती काळ धुमसत राहिला याचा अंदाज येतो. हिच्यात ती मध्यबिंदूपासून दूर आहे. कोरॉइड २६८ मायक्रॉन. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेट २० मिलिग्रॅम चालू. डोळ्याचा दाब १६, मोतीबिंदूची सुरुवात नाही. स्टेरॉइड घेणाऱ्या प्रत्येक रुग्णात हे दोन्ही पाहावंच लागतं. ओसीटी अँजिओग्राफीत कोरॉइडच्या सर्वांत आतल्या केशवाहिन्यांमधले रक्त न पोचणारे काळे ठिपके पुष्कळ कमी झाले आहेत. ही चाचणी अजून संशोधनात जास्त आणि ओपीडीत कमी उपयोगी आहे, पण रंग न टोचता रक्तप्रवाहाचा मागोवा घेता येतो म्हणून मी तिची नोंद ठेवतो.

पुढचा बेत असा: प्रेडनिसोलोन येत्या तीन महिन्यांत पूर्ण बंद. त्यानंतर सहा आठवड्यांनी ईडीआय, मग दर तीन महिन्यांनी, त्याच यंत्रावर, सकाळीच. मेथोट्रेक्सेट आणखी किमान वर्षभर, दर दोन महिन्यांनी यकृत आणि रक्तपेशी तपासून. तिच्या तालुक्यातल्या लॅबमध्ये या तपासण्या होतात, रिपोर्ट नवरा व्हॉट्सअॅपवर पाठवतो, त्यामुळे त्यासाठी जळगावची फेरी वाचते. प्रतिमेसाठीच्या तारखा आम्ही लावणी, निंदणी आणि वेचणी पाहून ठरवल्या आहेत. कोरॉइड आधीच्या मोजमापापेक्षा ५० मायक्रॉननं जरी वाढला तरी तक्रार असो-नसो, आठवड्यात पुन्हा बोलवायचं, असं तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे.